मागच्या भिंतीला पोट आलंय, अंगणात भेग पडलीय. काय करावं?

कण्हेर · १४ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला राहतो. आमच्या प्लॉटचा मागचा भाग नाल्याकडे उतरता होता. चार वर्षांपूर्वी घर बांधताना ठेकेदाराने मागे दहा फूट उंच, नऊ इंची विटांची कंपाउंड भिंत घातली. दर दहा फुटांवर एक कॉलम दिला. मग बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बाग सपाट हवी म्हणून आतून सात फूट भराव टाकून घेतला. खोदकामातून निघालेली काळी माती आणि जुन्या घराचा मलबा, दोन्ही त्यातच गेलं. भिंतीचा नकाशा कोणी काढला नाही आणि आम्हीही मागितला नाही. ठेकेदाराचं नाव इथे घेत नाही, त्याने आता काही साधणार नाही.

गेल्या आठवड्यात तीन दिवस संततधार झाली. परवा मी भिंतीकडे तिरकं पाहिलं तर मधल्या दोन कॉलमांमध्ये तिला चक्क पोट आलेलं दिसलं. दिरांनी वरून नायलॉनच्या दोरीला नट बांधून बाहेरच्या बाजूला सोडला. वर दोरी भिंतीला टेकलेली, खाली पायथ्याशी ती भिंतीपासून चार सेंटीमीटर लांब. बाहेरचा गिलावा कॉलमच्या कडेने उभा तडकला आहे. अंगणात, तुळशीच्या थोडं पुढे, भिंतीला समांतर एक भेगही पडली आहे. पाऊस थांबला तरी तिच्यात पाणी मुरतंय.

भिंतीपलीकडे गल्ली आहे. तिथे इस्त्रीवाले दादा भिंतीलाच पत्रे टेकवून कुटुंबासह राहतात. दोन लहान मुलं आहेत. मला झोप लागत नाही. एक मिस्त्री म्हणतो, भेगेत सिमेंटचं पाणी ओता. दुसरा म्हणतो, बाहेरून टेकू द्या. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

पायवाट · १४ जुलै, रात्री १०:०५

ताई, बाकी सगळं नंतर. त्या कुटुंबाला आज रात्रीच तिथून हलवा.

कण्हेर · १४ जुलै, रात्री १०:२०

हलवलं. आमच्या पुढच्या खोलीत आलेत. दादा आधी तयार नव्हते, गिऱ्हाइकांचे कपडे तिथेच होते. मग कपडेही उचलून आणले.

ओळंबा · १४ जुलै, रात्री ११:१५

उत्तम केलंत. मी निवृत्त सिव्हिल इंजिनियर, इथल्याच जीएसआयटीएस या इंजिनियरिंग कॉलेजचा विद्यार्थी. आधी एक सांगा. ती भेग भिंतीच्या आतल्या अंगापासून नेमकी किती लांब आहे? टेप लावून मोजा, पण त्या पट्ट्यावर उभे राहू नका, कडेने मोजा. माझा अंदाज चार फुटांच्या आसपास आहे.

कण्हेर · १५ जुलै, सकाळी ६:४०

चार फूट दोन इंच! न पाहता कसं ओळखलंत काका?

ओळंबा · १५ जुलै, सकाळी ८:३०

भिंत बाहेर झुकली की मागची सगळी माती सरकत नाही. पायथ्यापासून वर तिरका जाणारा एक पाचरीसारखा तुकडा सुटतो आणि तेवढाच घसरायला बघतो. साध्या मुरमाड भरावाचा घर्षणकोन, म्हणजे माती नुसत्या घर्षणावर ज्या उतारापर्यंत टिकते तो कोन, ३० अंश धरला तर ही पाचर जमिनीशी ४५ अधिक त्याचे निम्मे १५, म्हणजे ६० अंशांवर सुटते. तुमचा भराव सात फूट. सातला ६० अंशांच्या टॅनने, म्हणजे १.७३ ने भागा, चार फूट येतात. तुम्हाला दिसलेली भेग म्हणजे त्या पाचरीची वरची कड. तिच्या अलीकडची माती भिंतीवर रेलली आहे, पलीकडची अजून जागेवर आहे.

हे गणित २५० वर्षांचं जुनं आहे. विजेच्या नियमामुळे ज्याचं नाव शाळेत येतं तो कुलोम हा मुळात फ्रेंच सैन्यातला इंजिनियर होता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर त्याने आठ वर्षं किल्ल्याचं बांधकाम सांभाळलं. परत आल्यावर १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने जो निबंध वाचला तो १७७६ मध्ये छापला गेला, आणि त्यात ही पाचर आहे. पुढे १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या रँकिनने तेच दुसऱ्या वाटेने मांडलं. आजही आम्ही त्या दोघांच्याच आधाराने भिंती बांधतो.

आता रेटा बघू. मातीचं वजन घनमीटरला १.८ टन धरा. ३० अंशांच्या मातीत उभ्या दाबाचा एक तृतीयांश दाब आडवा येतो. वर शून्य आणि तळाशी सगळ्यात जास्त, असा त्रिकोण. सात फुटांना, म्हणजे २.१ मीटरला, भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १.३ टन रेटा होतो. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो, म्हणून उलथवणारा जोर ०.९ टन-मीटरच्या पुढे जातो. नऊ इंची, दहा फूट उंच विटांची भिंत निव्वळ वजनावर जेमतेम ०.१५ झेलते. म्हणजे सहापट कमी. नुसत्या वजनावर अशी भिंत साडेतीन-पावणेचार फूट माती धरेल, त्यापुढे नाही.

नवशिकी · १५ जुलै, सकाळी ९:१०

सर, कॉलम आहेत ना पण? आणि मग ती चार वर्षं उभी कशी राहिली?

ओळंबा · १५ जुलै, सकाळी ९:५५

योग्य प्रश्न. दहा फुटांवरच्या प्रत्येक कॉलमकडे तीन मीटर भिंतीचा जोर येतो, म्हणजे जवळपास २.८ टन-मीटर. नऊ इंची कॉलममध्ये बारा एमएमच्या चार सळ्या असतील तर तो मोडेपर्यंत दीडच्या आसपास झेलेल. म्हणजे कॉलमही पुरत नाहीत.

उभी राहिली ती मातीमुळे. कोरडी काळी माती स्वतःच्या चिकटपणावर उभी राहते. उन्हाळ्यात नाल्याकाठी उभे कापलेले काठ पाहिले असतील, दोन-दोन पुरुष उंच, कसलाही आधार नाही. तुमचा भराव इतके दिवस तसाच उभा होता. भिंत त्याला धरून नव्हती, नुसती शेजारी उभी होती. भिजल्यावर चिकटपणा गेला, आणि जे काम भिंतीने कधी केलंच नव्हतं ते एका आठवड्यात तिच्या अंगावर पडलं.

त्यात पाणी. लोक हे विसरतात म्हणून जोर देऊन सांगतो. माती आपला एक तृतीयांश भार आडवा टाकते, पाणी पूर्ण टाकतं. सात फूट पाणी मागे तुंबलं तर एकट्या पाण्याचा रेटा मीटरला २.२ टन. बुडालेली माती हलकी होते, तिचा ०.७ उरतो. बेरीज २.९, कोरड्याच्या दुपटीहून जास्त. तुमच्या भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का?

कण्हेर · १५ जुलै, सकाळी १०:३०

एकही नाही. आणखी एक लक्षात आलं, लिहिताना हात थरथरतोय. गच्चीचा पावसाचा पाइप त्याच कोपऱ्यात सोडलाय, बागेला पाणी मिळावं म्हणून. पूर्ण गच्चीचं पाणी चार वर्षं तिथे जिरतंय.

ओळंबा · १५ जुलै, सकाळी १०:४५

आजच्या आज तो पाइप पुढच्या रस्त्याकडे वळवा. तात्पुरता हिरवा सक्शन पाइप जोडला तरी चालेल. भेगेवर ताडपत्री टाका, अशी की पाणी भिंतीकडे न जाता उलट घराकडच्या नालीत उतरेल. भेगेत सिमेंटचं पाणी अजिबात ओतू नका. ते पातळ असताना पाण्यासारखाच, किंबहुना जास्त रेटा देतं. खडीही भरू नका. भिंत थोडी हलली की खडी खाली बसते आणि पाचर ठोकल्यासारखं होतं.

गिट्टी_चुरी · १५ जुलै, दुपारी १:२०

भिया, आमचा ठेकेदारीचाच धंदा आहे. हॅमर ड्रिल लावून खालून दहा-बारा भोकं पाडा, पाणी निघून जाईल, दोन तासांचं काम. माणसं मी पाठवतो, पैसे नकोत.

ओळंबा · १५ जुलै, दुपारी १:५०

तुमच्या भावनेचा आदर आहे, पण हे करू नका. झुकलेल्या भिंतीच्या पुढ्यात उभं राहून तिच्या पायथ्याला हॅमर लावायचा म्हणजे माणूस थेट मरणाच्या वाटेत उभा करायचा. शिवाय काळ्या मातीतून भोकाला पाणी लगेच येत नाही. तिच्यातून पाणी इतकं सावकाश झिरपतं की मागे खडीचा थर नसेल तर भोक नुसतं शोभेचं राहतं.

आधी ओझं उतरवा. भराव वरून काढा, भेगेच्या पलीकडे पक्क्या जमिनीवर उभं राहून, हातफावड्याने, एकेक थर करत. जेसीबी जवळ आणू नका, त्याचं वजन आणि हादरे दोन्ही भिंतीवर जातील. सातातले तीन फूट उतरवलेत तर रेटा एक तृतीयांश होतो आणि उलथवणारा जोर पाचव्या हिश्शाहून कमी. उंचीच्या घनाने वाढतो तो, त्यामुळे उतरताना तसाच झपाट्याने उतरतो.

गिट्टी_चुरी · १५ जुलै, दुपारी २:१५

पटलं काका. माणसं तरी माझीच घ्या, फावड्यांसकट. संध्याकाळी चारला येतात.

चुनखडी · १५ जुलै, दुपारी ४:३०

मुलांना समजावायला मी एक करते. फ्रिजमधल्या जुन्या प्लॅस्टिक डब्याची एक बाजू कापायची, तिथे पुठ्ठा उभा धरायचा आणि मागे रवा भरायचा. पुठ्ठा किंचित पुढे सरकवला की रव्याचा एक तिरका काप सुळकन उतरतो, मागचा रवा जागेवर. काका म्हणतात ती पाचर हीच. मग तोच रवा हाताने जरा ओलसर करून भरायचा. आता पुठ्ठा काढला तरी तो लाडवासारखा उभा राहतो. आणि मग मागून वाटीभर पाणी सोडायचं. आमच्या चौथीतल्या मुलाने तो ओला रवा ढासळताना पाहिला आणि गप्प झाला. म्हणाला, आई, आपल्या शाळेच्या मागेही अशीच भिंत आहे.

ओळंबा · १५ जुलै, रात्री ८:२०

चुनखडीताई, मुलाचं म्हणणं शाळेत नक्की सांगा. २९ जून २०१९ ला पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची कंपाउंड भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे हे होतं, आणि बहुतेक वेळा खाली राहणारा तो असतो ज्याने ती भिंत बांधलेलीही नाही आणि जिच्यामागची बाग पाहिलेलीही नाही. कण्हेरताईंनी पहिल्याच लेखात इस्त्रीवाल्या कुटुंबाचं लिहिलं म्हणून मी रात्री अकराला उत्तर द्यायला बसलो.

नवशिकी · १७ जुलै, सायंकाळी ७:००

कण्हेरताईंकडून काल माती आणली. आमच्या लॅबमध्ये ‘फ्री स्वेल’, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याची चाचणी, केली. सुकवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन नळकांड्यांत घेतली. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलने माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. २४ तासांनी रॉकेलमध्ये माती १२ मिलीवर आणि पाण्यात २१ वर. म्हणजे ७५ टक्के फुगवटा.

ओळंबा · १७ जुलै, रात्री ९:१०

शाब्बास. ५० च्या वर म्हणजे त्रासदायक माती. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे दूर होतात. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणतात ते याच मातीच्या जोरावर. गव्हा-सोयाबीनला ती सोनं आहे. भिंतीमागे मात्र तिचा एक वेगळाच खेळ चालतो. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, भेगांत वरची सुटी माती आणि कचरा पडतो. पावसाळ्यात फुगायला लागते तर जागा आधीच भरलेली. मग भिंतीला दोन-चार मिलीमीटर ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. भिंत दरवर्षी पुढे जाते, मागे कधी येत नाही. म्हणून भिंतीमागे काळी माती भरायचीच नसते.

विश्वामित्रीकाठ · १८ जुलै, दुपारी १२:१०

आम्ही वडोदऱ्याचे. इकडे नदी फुगून आली की भिंती टिकतात आणि पूर ओसरताना पडतात, याचं मला नेहमी कोडं वाटायचं. आता लक्षात येतंय. बाहेरचं पाणी भिंतीला आधार देत असतं, ते झर्रकन उतरतं आणि आतल्या मातीतलं तसंच राहतं. बरोबर का काका?

ओळंबा · १८ जुलै, दुपारी १२:४०

अगदी बरोबर. धरणाच्या मातीच्या बांधालाही हाच धोका असतो, पाणी झपाट्याने उतरवलं तर.

कण्हेर · १९ जुलै, रात्री ९:३०

तीन फूट भराव निघाला. गिट्टी_चुरी दादांच्या माणसांनी दोन दिवस घमेल्याने काढला. काळ्या मातीत मधेमधे टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, एक मोडकी बादली. हे सगळं आमच्याच घराखालचं, आम्हीच टाकलेलं. रोज सकाळी दोरी सोडून मोजते. दुसऱ्या दिवशी साडेचार सेंटीमीटर झालं होतं, त्यानंतर तीन दिवस आकडा हललेला नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली आहे. बाबा गप्प आहेत. काल म्हणाले, मला बाग हवी होती, मी विचारायला हवं होतं.

आता कायमचं काय करायचं?

गिट्टी_चुरी · २० जुलै, सकाळी ९:००

सहा इंचांची आरसीसी भिंत घालू, सरिया भरपूर टाकू. एकदम दमदार.

ओळंबा · २० जुलै, सकाळी ११:३०

सळई किती यापेक्षा ती कुठे, हे महत्त्वाचं. माती भिंतीला बाहेर वाकवते, म्हणजे ताण मातीच्या बाजूला येतो, म्हणून उभ्या मुख्य सळ्या मातीच्या अंगाला हव्यात. मी कित्येक साइटवर त्या बाहेरच्या अंगाला बांधलेल्या पाहिल्या आहेत, मिस्त्रीला काम करताना तीच बाजू सोयीची पडते म्हणून. अशा भिंतीत कितीही लोखंड घाला, ते झोपलेलं असतं.

दुसरं, पाया. आरसीसी आधारभिंत इंग्रजी ‘एल’ किंवा उलट्या ‘टी’सारखी असते. तळाची पाटी मातीखाली आत जाते आणि तिच्यावर बसलेली माती स्वतःच्या वजनाने भिंतीला धरून ठेवते. जी माती ढकलते तिलाच पाटीवर बसवून राबवायचं, अशी ही रचना आहे. पाटीची रुंदी साधारण उंचीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. उलटणं, सरकणं आणि पुढच्या टोकाखालची जमीन दबणं, तिन्ही तपासायचं. सरकण्यासाठी निदान दीडपट ताकद हातात ठेवायची. अंगणात त्या बाजूला गाडी उभी राहणार असेल तर तिचा भार वेगळा धरायचा.

पण त्याआधी माझा प्रश्न: बाग सात फूट उंच असायलाच हवी का?

पायवाट · २० जुलै, दुपारी १२:१५

महेश्वरचा घाट आठवा. एवढा उंच काठ, पण पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलाय.

ओळंबा · २० जुलै, दुपारी १२:५०

हेच म्हणतो. दोन टप्पे करा. खाली चार फुटांची आरसीसी, वर तीन फुटांची दगडी. फक्त वरची भिंत खालच्या भिंतीपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे आठ फूट मागे घ्या. जवळ घेतलीत तर वरचा भार खालच्या पाचरीवर बसतो आणि दोन्ही मिळून पुन्हा सात फुटांची एकच भिंत होते. काम दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर. नकाशा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून सहीनिशी घ्या. मी सल्ला देईन, पण इथल्या गप्पांवर भिंत बांधू नका.

कण्हेर · ११ डिसेंबर, रात्री ८:१०

मंडळी, काम झालं. जुनी भिंत वरून उतरवत काढली. खोदताना साडेचार फुटांवर पिवळा मुरूम लागला, पाया तिथे टेकवला. सळ्या बांधल्यावर ओळंबाकाका स्वतः आले, टेप लावून प्रत्येक सळईचं मातीकडचं कव्हर, म्हणजे तिच्यावर किती जाड काँक्रीट येणार ते, पाहिलं आणि दोन ठिकाणी पुन्हा बांधायला लावलं. गिट्टी_चुरी दादांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

मागे एक फूट जाड गिट्टीचा थर, जिओटेक्स्टाइलच्या कापडात गुंडाळलेला, त्यामागे मुरूम, एकेक थर करून हाताच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. खालून सहा इंचांवर चार इंची पाइप, दर चार फुटांवर, बाहेर उतार देऊन. सगळ्यात वर एक फूट काळी माती, चोपून, झाकणासारखी, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता नालीकडे जाईल. बाबांची सदाफुली आणि मोगरा त्या फूटभर मातीत लावलाय.

ओळंबा · ११ डिसेंबर, रात्री ९:००

पहिल्या मोठ्या पावसात पाइपांकडे बघा आणि मला एकच सांगा: पाणी कसं येतंय? सतत गढूळ येत राहिलं तर कापड फाटलंय किंवा जोड सुटलाय, आणि मागची माती वाहून जातेय. काहीच आलं नाही तरी मला फोन करा.

कण्हेर · २६ जून, सायंकाळी ६:२५

काका, आज दुपारी दोन तास धो धो पडला. छत्री घेऊन गल्लीत उभी होते, इस्त्रीवाल्या दादांची धाकटी माझ्याबरोबर. त्यांचं दुकान आता कोपऱ्यावर गेलंय, भिंतीपासून लांब. पाऊस लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग तिसऱ्या पाइपातून आधी चहासारखं गढूळ, थोड्या वेळाने सगळ्यांतून, आणि अर्ध्या तासाने नितळ. धाकटीने बाटलीत भरून घेतलं. आता तासभर झालाय, बाटली खिडकीत ठेवली आहे, तळाशी बोटभरही गाळ नाही, नखाएवढा आहे.

दोरीही सोडून पाहिली. मी हिवाळ्यात भिंतीवर खिळ्याने खूण केली होती, दोरी बरोबर तिच्यावर आहे.

ओळंबा · २६ जून, सायंकाळी ६:४०

बाटली तशीच ठेवा. उद्या सकाळी येतो बघायला.